बाळाचे दूध कोमट करताना : उष्णतेची दोन कामे

कौमारभृत्यात बालकाच्या आहाराचा विचार औषधाच्या आधी येतो. सुश्रुतसंहितेत बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे तीन वर्ग केले असून पहिल्या वर्षापर्यंतचे बालक क्षीरप मानले आहे. सहा महिने पूर्ण होताच पूरक आहार सुरू करावा, हे आज सर्वमान्य असले तरी पहिले वर्षभर बालकाचे मुख्य अन्न दूधच असते. साहजिकच हे दूध कोणते, किती व केव्हा द्यावे याविषयी आपल्या नियतकालिकांतून आणि परिषदांतून पुष्कळ चर्चा होते. मात्र ते किती उष्ण असावे आणि ती उष्णता त्याला कशी द्यावी, हा प्रश्न घरच्या सवयीवर सोपवून आपण मोकळे होतो.

वास्तविक चिकित्सालयात हा प्रश्न नित्य विचारला जातो. ‘दूध गरम करून द्यायचे की तसेच?’ असे बाळंतिणीची आई विचारते आणि आपण ‘कोमट करून द्या’ असे सांगून पुढील रुग्णाकडे वळतो. शास्त्रात यासाठी कोष्ण, कदुष्ण, सुखोष्ण असे अर्थवाही शब्द आहेत. परंतु घरी गेल्यावर ‘कोमट’ या एका शब्दाचे अनेक अर्थ होतात. एका घरी रात्रीचे दूध तापवून थर्मासमध्ये भरून ठेवतात. दुसऱ्या घरी भरलेली बाटली उकळत्या पाण्याच्या पातेल्यात उभी करतात. तिसऱ्या घरी ती मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरवतात. तिन्ही घरांत वैद्यांचा सल्ला पाळल्याचे समाधान असते आणि तिन्ही घरांत बाळाला धोका असतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या विषयाचा तपशिलाने विचार करण्याचे योजिले आहे.

उष्णतेची दोन कामे

दुधाच्या बाबतीत उष्णता दोन निरनिराळी कामे करते. पहिले काम शुद्धीचे, म्हणजे रोगजंतूंचा नाश करण्याचे. त्यासाठी तीव्र उष्णता लागते व ती दूध तयार करतानाच द्यावी लागते. दुसरे काम सुखाचे. बाळाच्या जिभेला व पोटाला दूध गार लागू नये एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी शरीराच्या तापमानाइतकी, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता पुरेशी असते व ती पाजण्याच्या क्षणी द्यावयाची असते.

या दोन कामांची गल्लत झाली की दोष उत्पन्न होतात. कोमट करण्याने जंतू मरत नाहीत. उलट साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते वाढतात आणि शरीराच्या तापमानाजवळ तर फारच वेगाने वाढतात. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. या हिशेबाने एका जंतूचे दोन तासांत ६४ आणि चार तासांत ४,०९६ होतात. म्हणजे बाळाला जे तापमान सुखकर, तेच जंतूंनाही सुखकर. याउलट, केवळ गारवा घालवण्यासाठी दूध कडकडीत तापवले तर बाळाचे तोंड पोळते आणि मातेच्या दुधाचे गुणही नष्ट होतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकाला दूध कोमट करूनच दिले पाहिजे असे नाही. सुरक्षित रीतीने साठवलेले दूध खोलीच्या तापमानाला दिले तरी चालते. कफप्रवृत्ती, ऋतू व अग्नी यांचा विचार करून आपण कोमट दुधाचा आग्रह धरतो, त्यात वावगे काही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर गार दूध देऊ नये असेच सांगितले जाते. तथापि बाळ रडत असताना घाईने, चुकीच्या रीतीने दूध तापवण्यापेक्षा न तापवता देणे अधिक श्रेयस्कर, हे मातेला ठाऊक असावे.

मातेचे काढून ठेवलेले दूध

नोकरी करणाऱ्या मातांमध्ये अंगावरचे दूध काढून ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे आणि तिला आपण उत्तेजनच दिले पाहिजे. स्वच्छ हातांनी, स्वच्छ भांड्यात काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत ठेवता येते. आपल्याकडील उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ व मराठवाड्यात, घरातील तापमान २५ अंशांच्या कितीतरी वर जाते. तेथे या चार तासांवर विसंबू नये. दूध काढताच फ्रीजच्या आतल्या भागात ठेवावे, दाराच्या कप्प्यात ठेवू नये.

या दुधाबाबत आपल्या घरांत एक चूक सर्रास आढळते. बाहेरून आलेले प्रत्येक दूध उकळण्याची आपल्या स्वयंपाकघराची शिस्त आहे. त्याच सवयीने आजी मातेचे काढलेले दूधही उकळते. हेतू चांगला, पण परिणाम वाईट. मातेच्या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये, स्निग्धांश पचवणारे विकर आणि इतर अनेक नाजूक घटक असतात व ते तीव्र उष्णतेत टिकत नाहीत. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातील अशी ती पहिली पेढी मानली जाते. दुग्धपेढ्यांत दात्या मातांचे दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवून निर्जंतुक करतात. एवढ्या मर्यादित उष्णतेनेही स्निग्धपाचक विकर निष्क्रिय होते व काही प्रतिकारद्रव्ये घटतात. दूध परक्या मातेचे असल्याने संसर्ग टाळण्यासाठी ही हानी तेथे पत्करावी लागते. स्वतःच्या बाळासाठी काढलेल्या दुधावर असा संस्कार करण्याचे काहीच कारण नाही. ते उकळू नये, थेट विस्तवावर ठेवू नये, केवळ कोमट पाण्यात ठेवून त्याचा गारवा काढावा.

गोठवलेले दूध आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावे. वितळल्यानंतर ते २४ तासांत संपवावे व पुन्हा गोठवू नये. साठवलेल्या दुधावर साय धरल्यासारखा थर दिसतो, क्वचित साबणासारखा वास येतो. साय वर येणे हा दुधाचा स्वभाव आहे आणि तो वास स्निग्धांशाच्या विघटनाचा असतो. तेवढ्यावरून दूध नासले असे समजू नये. बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की थर मिसळतो.

डब्यातील भुकटीचे दूध

माता नसणे, मातेचा गंभीर आजार किंवा तिची विशिष्ट औषधे अशा कारणांनी काही बालकांना वरचे दूध द्यावेच लागते. डबा कारखान्यात बंद झालेला असला तरी भुकटी निर्जंतुक नसते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू आढळू शकतो. त्याचा संसर्ग विरळ असला तरी दोन महिन्यांच्या आतील आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत तो मस्तिष्कावरणाचा घातक शोथ निर्माण करतो. या कारणास्तव जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांनी २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार भुकटी ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवावी. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरले तर सामान्यतः एवढी उष्णता राहते. त्यानंतर बाटली नळाच्या वाहत्या पाण्याखाली किंवा गार पाण्याच्या भांड्यात धरून दूध पाजण्याजोगे निववावे.

कोमट पाण्यात भुकटी कालवून लगेच पाजणे सोयीचे वाटते, पण त्यात शुद्धीचे काम झालेलेच नसते. येथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी तीव्र उष्णता, मग त्वरित निववणे, मग पाजणे. तयार दूध दोन तासांत वापरावे. पुढील वेळेसाठी करून ठेवावयाचे असल्यास ते ताबडतोब निववून फ्रीजमध्ये ठेवावे व २४ तासांत संपवावे. पुन्हा कोमट करताना १५ मिनिटांहून अधिक वेळ गरम पाण्यात ठेवू नये.

गाईचे व शेळीचे दूध

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, बालोपचरणीय अध्यायात, स्तन्याच्या अभावी शेळीचे किंवा गाईचे दूध लघुपंचमुळादी द्रव्यांनी संस्कारित करून देण्यास सांगितले आहे. मातेविना बालक जगवण्याचा तो त्या काळातील मोठा विचार होता. आज पहिल्या सहा महिन्यांत प्राण्याचे दूध हा मातेच्या दुधाचा पर्याय मानला जात नाही. सहा महिन्यांनंतर ते द्यावयाचे झाल्यास वैद्यकीय देखरेखीखाली आणि उकळूनच द्यावे.

याच ग्रंथात धारोष्ण दुधाची प्रशंसा आहे. तिचा आधार घेऊन काढल्या काढल्या कच्चे दूध बाळाला पाजणे मात्र सर्वथा टाळावे. धारोष्ण दुधाची ऊब ही गाईच्या शरीराची ऊब आहे. तिने शुद्धी होत नाही. ब्रुसेलोसिस, गोक्षय आदी व्याधी कच्च्या दुधातून संक्रांत होतात, हे आज निर्विवाद आहे. तसेच अति आटवलेले दूध जड होते, हे ग्रंथातील वचनही विसरू नये. एकदा नीट उकळी आणावी, झाकून त्वरित निववावे व फ्रीजमध्ये ठेवावे. पाजण्याच्या वेळी लागेल तेवढेच काढून कोमट करावे. मात्राशितीय अध्यायात पुन्हा उष्ण केलेले अन्न वर्ज्य सांगितले आहे. तेच दूध दिवसभर तीनदा-चारदा तापवणाऱ्या घरांना त्या नियमाची आठवण करून द्यावी.

कोमट करण्याची सुरक्षित रीत

१. हात साबणाने धुवावेत. बाटली व निपल आधी धुऊन, उकळून घेतलेली असावीत.

२. एका वेळेला बाळ जेवढे पिते तेवढेच दूध बाटलीत घ्यावे.

३. रुंद बुडाच्या भांड्यात हाताला सोसेल इतके, म्हणजे सुमारे ४० अंशांचे पाणी घ्यावे. भांडे शेगडीवरून उतरवून ओट्यावर, कडेपासून दूर ठेवावे.

४. बाटली त्यात उभी करावी. पाण्याची पातळी झाकणाच्या बरीच खाली असावी, म्हणजे ते पाणी निपलपर्यंत पोहोचणार नाही. चार-पाच मिनिटांत गारवा निघतो. न निघाल्यास पाणी बदलावे, विस्तव लावू नये.

५. काचेची बाटली फ्रीजमधून काढून एकदम गरम पाण्यात ठेवू नये, ती तडकण्याचा संभव असतो.

६. बाटली बाहेर काढून पुसावी व हलकेच गोल फिरवावी, म्हणजे उष्णता सर्वत्र सारखी होते. त्यानंतरच परीक्षा करावी.

७. मनगटाच्या आतील बाजूस काही थेंब टाकावेत. ते ना गार ना गरम, किंबहुना जाणवूच नयेत इतके सम लागावेत. निपल स्वतःच्या तोंडात घेऊन पाहू नये, त्यामुळे मोठ्यांच्या मुखातील जंतू बाळाकडे जातात.

८. हे सर्व चालले असताना बाळ कडेवर नसावे. उकळते पाणी आणि कडेवरचे बाळ ही जोडी घरातील अनेक अपघातांचे मूळ आहे.

मनगटाच्या परीक्षेबाबत एक सूचना. तव्यावरची पोळी बोटांनी उलटणाऱ्या हाताला उष्णता कमी जाणवते. म्हणून परीक्षा बोटांनी किंवा तळहाताने करू नये. जुनाट मधुमेहाने ज्यांच्या हातापायांना बधिरपणा आला आहे, अशा आजी-आजोबांकडे बाळ असेल तर दूध पाजण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तरी पाहावे किंवा दूध खोलीच्या तापमानालाच द्यावे.

पाजण्यास सुरुवात केल्यानंतर उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये. बाळाची लाळ बाटलीत गेलेली असते. मातेचे उष्टे उरलेले दूध दोन तासांच्या आत पाजता येते. भुकटीचे किंवा गाईचे उष्टे दूध लगेच टाकून द्यावे. दूध टाकणे आपल्या संस्काराला जड जाते, हे खरे. त्यावर उपाय एकच : थोडे थोडे घ्यावे, लागल्यास पुन्हा घ्यावे.

मायक्रोवेव्ह व प्लास्टिक

मायक्रोवेव्हमध्ये दूध सर्वत्र सारखे तापत नाही. काही भाग कोमट तर काही भाग कढत होतो. बाटली हाताला गार लागते आणि आतील दूध मात्र पोळण्याइतके तापलेले असते. मनगटावर पडलेले थेंब सोसवले तरी पुढचा घोट सोसवेल याची शाश्वती राहत नाही. म्हणून बाळाच्या दुधासाठी मायक्रोवेव्ह वर्ज्य समजावा.

जुन्या कठीण, पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हे द्रव्य दुधात उतरते व उष्णतेने त्याचे प्रमाण वाढते. युरोपीय संघाने २०११ मध्ये अशा बाटल्यांवर बंदी आणली आणि भारतीय मानक ब्यूरोनेही २०१५ च्या मानकात हे द्रव्य बाटल्यांसाठी निषिद्ध ठरवले. मोठ्या भावंडाची माळ्यावर ठेवलेली बाटली पुन्हा वापरात येत असेल तर ती टाकून द्यावी. पुढे २०२० मध्ये डब्लिन येथील ट्रिनिटी महाविद्यालयातील संशोधकांनी पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतूनही प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात व पाणी जितके गरम तितके ते अधिक सुटतात, असे दाखवले. त्यांचा बाळाच्या शरीरावर काय परिणाम होतो हे अद्याप अभ्यासाधीन आहे. तरीही सावधगिरीचा मार्ग सोपा आहे. भुकटी काचेच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ भांड्यात गरम पाण्यात कालवावी, तेथेच निववावी आणि मग बाटलीत किंवा वाटीत ओतावी.

रात्र, प्रवास आणि थर्मास

थर्मासमधील दुधाचा प्रघात सर्वांत अधिक रूढ व सर्वांत अधिक घातक आहे. रात्री नऊ वाजता तापवलेले दूध पहाटे तीनपर्यंत जंतुवाढीच्या पट्ट्यात पडून राहते. ‘दूध उकळलेले होते’ हा युक्तिवादही येथे टिकत नाही, कारण बॅसिलस सेरेअस यांसारख्या जंतूंचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत आणि उबेत पुन्हा वाढीस लागतात. दुसऱ्या दिवशी बाळाला वांत्या व अतिसार होतात, दोष मात्र दातांना किंवा दृष्टीला दिला जातो.

यावर उपाय असा की थर्मासमध्ये दूध न ठेवता उकळते पाणी ठेवावे. भुकटी कोरड्या, निर्जंतुक डबीत मोजून वेगळी ठेवावी आणि वेळेवर कालवावी. त्या वेळी पाणी ७० अंशांइतके गरम राहिलेले असावे. ते कोमट झाले असल्यास पुन्हा उकळून घ्यावे. मातेचे काढलेले दूध प्रवासात बर्फाच्या पेटीतून न्यावे व थर्मासमधील पाणी भांड्यात ओतून, गार पाणी मिसळून, त्यात कोमट करावे. अर्थात माता जवळ असेल तर रात्री व प्रवासात थेट स्तनपानासारखे सुरक्षित काहीच नाही. तेथे तापमानाची चिंता निसर्गानेच मिटवलेली आहे.

बोंडले आणि वाटी-चमचा

बाटलीची निपल व तिचे आटे नीट स्वच्छ होत नाहीत, म्हणून वाटी-चमचा अधिक हितकर. वाटीतील दूध लवकर निवते, म्हणून ते प्रथमच अधिक गरम घेण्याकडे कल असतो. त्याऐवजी थोडे थोडे घ्यावे. चांदीच्या बोंडल्याची आपली परंपरा जुनी आहे. परंतु चांदी उष्णतेची उत्तम वाहक असल्याने दुधाची उष्णता तत्काळ बाळाच्या ओठाला लागते. दूध मनगटावर पाहिल्यावर बोंडल्याची चोचही मनगटाला लावून पाहावी, आणि ती चोच आतून घासून, उकळून स्वच्छ ठेवावी.

पोळल्यास काय करावे

साधारण ६० अंशांचे पाणी प्रौढाच्या त्वचेवर सुमारे ५ सेकंद राहिले तरी खोल भाजते. बाळाच्या पातळ त्वचेला त्याहून कमी वेळ पुरतो. अंगावर दूध किंवा पाणी सांडल्यास त्वरित कपडा दूर करून भाजलेल्या भागावर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे व उर्वरित अंग उबदार झाकावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही प्रथम लावू नये. शतधौतघृतादी कल्पांचा विचार जखमेची तपासणी झाल्यावर करावा. तान्ह्या बाळाला भाजल्यास ते रुग्णालयात दाखवावेच. दूध पाजल्यानंतर बाळ एकाएकी पिणे सोडून देत असेल, लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास घेण्यास त्रास होत असेल तर मुख व कंठ पोळल्याची शंका घेऊन क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

आपले कर्तव्य

दुग्धपर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व अर्भक-अन्न यांविषयीच्या १९९२ च्या आणि २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने या वस्तूंच्या जाहिरातीस व प्रसारास बंदी घातली आहे. आरोग्यसेवकांना त्यासाठी प्रलोभन देणेही निषिद्ध आहे. त्यामुळे बाटलीविषयी बोलणेच नको, अशी काही वैद्यांची भूमिका दिसते. स्तनपानाचा पुरस्कार हे आपले पहिले कर्तव्य आहे आणि गरज नसताना बाटली सुचवणे अनुचितच आहे. परंतु ज्या बाळाला वरचे दूध द्यावेच लागते, त्याच्या मातेला सुरक्षित रीत समजावणे म्हणजे प्रसार नव्हे. मौन पाळले तर ती माता शेजारणीचा सल्ला घेईल आणि थर्मास भरून ठेवील.

तेव्हा वैद्यबंधुभगिनींना विनंती अशी की, यापुढे केवळ ‘कोमट करून द्या’ असे सांगून थांबू नये. घरी दूध कोणते, ते केव्हा उकळले, कुठे ठेवले, कशात तापवले आणि उरलेल्याचे काय केले, हे पाच प्रश्न अतिसाराच्या प्रत्येक बालरुग्णाच्या वेळी विचारावेत. शक्य तेथे पाण्याचे भांडे व बाटली घेऊन मातेला आणि आजीला प्रत्यक्ष दाखवावे. त्याला पाच मिनिटे लागतात. अतिसाराने शुष्क झालेल्या बाळाची चिकित्सा करण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो.